बांगड्याच्या दिवसांत घरचा बर्फ

दर्याला नारळ दिला, गणपती गेले, वारा पडला की छोट्या होड्या पुन्हा रोज पहाटे बाहेर पडू लागतात. बांगडा किनाऱ्याकडे सरकतो तो याच सुमाराला, आणि ऑक्टोबरचं ऊनही याच सुमाराला चटके देऊ लागतं. मोठे ट्रॉलर कारखान्यातून बर्फ भरून निघतात. पंधरा-वीस किलो मासळीसाठी लादी कोण आणणार, असं म्हणत छोटा होडीवाला मात्र मासळीवर ओलं गोणपाट टाकतो आणि घाईने परततो. सकाळी सातला जाळ्यात आलेला बांगडा दहाला बंदरावर टोपलीत पडतो तेव्हा त्याचं पोट मऊ झालेलं असतं, आणि लिलावात बोट लावून बघणाऱ्याला ते लगेच कळतं. बंदरावर आल्यावर मग बर्फ टाकला जातो. तोवर व्हायचं ते नुकसान झालेलं असतं.

म्हणून यंदा एवढंच करून बघा : मासळी होडीत यायच्या आधी बर्फ होडीत हवा. दहा किलो मासळीला पाच-सहा किलोंनीही काम भागतं, आणि तेवढा बर्फ घरच्या डीप फ्रीझरमध्ये होतो.

हिशेब सोपा आहे. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. आपल्या समुद्राचं पाणी या दिवसांत 28 अंशांच्या आसपास असतं. तेवढाच गरम असलेला दहा किलो बांगडा शून्याजवळ आणायला साधारण तीन किलो बर्फ खर्ची पडतो. उरलेला बर्फ लागतो तो उन्हाशी आणि गळक्या झाकणाशी झुंजायला. पेटी चांगली असेल तर दहा किलो मासळीला सहा किलो बर्फ अर्धा दिवस पुरावा. पेटी सुमार असेल तर मासळीएवढाच बर्फ धरा. दहा लिटर पाणी गोठवायला घरच्या फ्रीझरला ढोबळमानाने एक ते दीड युनिट वीज लागते. एका बांगड्याचा भाव त्याच्याशी ताडून बघा.

फ्रीझरची खरी अडचण वीज नसून वेग आहे. तो बर्फ टिकवायला बनवलेला असतो, भराभर तयार करायला नव्हे. एकदम वीस बाटल्या कोंबल्या तर दुसऱ्या दिवशीही निम्म्या पाण्याच्याच निघतात. रोज पाच-सहा बाटल्या भिंतीला टेकवून ठेवा, गोठल्या की मध्ये सरकवा. भांगाच्या दिवसांत डोलवाल्यांच्या हाताला तसंही फारसं काम नसतं. त्या चार दिवसांत फ्रीझर भरून ठेवला तर उधाणाला साठा तयार असतो. शिवाय गच्च भरलेला फ्रीझर वीज गेल्यावर रिकाम्यापेक्षा जास्त वेळ थंड राहतो, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा काही नेम नाही.

पाणी पिण्याचंच घ्या. विहिरीचं असेल तर क्लोरिनचे थेंब टाकून. बर्फ झाला म्हणून जंतू मरत नाहीत. वितळल्यावर ते मासळीवरच उतरतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरू नका. मी एकदा भरली होती. दुसऱ्या दिवशी फ्रीझरचा तळ खरवडून काढावा लागला आणि घरच्यांचं बोलणं खावं लागलं ते वेगळंच.

आता बाटलीतला बर्फ बरा की सुटा? बाटली स्वस्त, पुन्हा वापरता येणारी, पण मासळीला ती एका रेषेतच टेकते. बाकी सगळी पोकळ हवा. सुटा फोडलेला बर्फ माशाला चहूकडून बिलगतो आणि त्याचं थंड पाणी खाली झिरपताना वाटेतल्या प्रत्येक माशाला गार करतं. माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवा. स्टीलच्या डब्यांत एक-दोन किलोच्या वड्या पाडा, कारण स्टीलमध्ये पाणी प्लास्टिकपेक्षा लवकर गोठतं. वडी अखंड असेपर्यंत हळू वितळते, तेव्हा ती तशीच न्या आणि जाळं ओढायला घेतल्यावर गोणपाटात गुंडाळून दांड्याने फोडा. पेटीची थंडी धरून ठेवायला बाटल्या कडेने लावा. शाळेबाहेर मुलं चोखतात त्या ‘पेप्सी’च्या लांब पिशव्यांसारख्या पातळ नळ्या पाण्याने भरून गोठवल्या तर त्या माशांच्या मध्ये छान बसतात. फक्त रिकामं प्लास्टिक परत आणा, पुढच्या खेपेला ते आपल्याच जाळ्यात येतं.

बांगडा, तारली, पेडवे यांच्यासाठी सगळ्यात उत्तम म्हणजे बर्फाचा काला. दोन भाग फोडलेला बर्फ, एक भाग समुद्राचं स्वच्छ पाणी. तेही खाडीच्या बाहेरचं, बंदरातलं तेलकट नव्हे. जाळ्यातून सोडवलेला मासा थेट त्यात बुडवायचा. छोटा मासा तासाभरात आतपर्यंत गार होतो. पण दिवसभर त्यातच ठेवू नका, डोळे पांढुरके पडतात आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. गार झाला की पाणी काढून बर्फाच्या थरांत रचा : तळाला चार बोटं बर्फ, मग मासळी, पुन्हा बर्फ, वर जाड थर. पेटी फुटापेक्षा खोल भरू नका, नाहीतर खालची तारली चेपते. बोंबलाची तर गोष्टच सोडा, त्याला वेगळी उथळ पेटी हवी. थरांच्या पेटीला तळाशी भोक हवंच, कारण रक्ताचं पाणी साचलं की खालची मासळी आधी वास मारते.

पेटी विकत घ्यायची नसेल तर भंगारातला फ्रीज आडवा करा. मेकॅनिककडून गॅस आणि कॉम्प्रेसर काढून घ्या, आणि दाराचं कुलूप आवर्जून मोडा. लहान मूल आत अडकलं तर जीव जातो. होडीत मावत नसेल तर दोन प्लास्टिक क्रेटच्या मध्ये दोन इंची थर्मोकोल बसवला तरी चालतं. त्यावर ओलं गोणपाट टाका, पेटी सावलीत ठेवा आणि झाकण दर दोन मिनिटांनी उघडून बघू नका.

एक गोष्ट जरा गांभीर्याने. बांगडा, तारली, सुरमई, कुपा उन्हात राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, डोकं ठणकतं. मासा नंतर बर्फात ठेवला, तळला किंवा कालवणात उकळला तरी ते जात नाही, आणि वासावरून कळेलच असंही नाही. पहिल्या तासातल्या बर्फाचा आग्रह याचसाठी आहे.

वापरलेल्या बाटल्या साबणाने धुऊनच पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवा, तेही घरच्या खाण्यापासून वेगळ्या पिशवीत. आणि उद्या पहाटे निघायचं असेल तर त्या आज सकाळीच आत गेल्या पाहिजेत. रात्री जेवण झाल्यावर ठेवलेली दोन लिटरची बाटली पहाटे चारला बाहेरून बर्फ आणि आतून पाणीच असते.