‘किती टक्के चान्स आहे?’

आयसीयूच्या दारात डॉक्टर दिसले की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. आमच्याकडे तो माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी विचारला. भाऊजींना रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार. त्यासाठी रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि दर महिन्याला सायक्लोफॉस्फामाइडचं सलाइन चालू होतं. त्या औषधांनी प्रतिकारशक्ती खाली आली आणि न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीनं फुप्फुसं धरली. डॉक्टर म्हणाले, ‘‘एचआयव्ही असलेल्यांत साधारण दहा ते वीस टक्के दगावतात. तुमच्यासारख्या केसमध्ये तीस ते पन्नास. पण काका, आज हे आकडे ऐकून काही ठरवू नका. आठवड्याच्या शेवटी मला जास्त नेमकं सांगता येईल.’’

एचआयव्ही नाही म्हणजे बरंच आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. इथे नेमकं उलटं असतं. एचआयव्हीत हा न्यूमोनिया आठवड्या-आठवड्यांनी सावकाश चढतो. स्टिरॉइड किंवा केमोवरच्या रुग्णाला तो काही दिवसांत आडवा करतो. फुप्फुसात बुरशी कमी असते, पण सूज फार. त्यामुळे थुंकीत ती सहसा सापडत नाही, दुर्बीण घालून फुप्फुस धुऊन ते पाणी तपासावं लागतं.

पुढं काय होणार याचा सगळ्यात जास्त अंदाज देणारी गोष्ट म्हणजे दाखल होतानाचा ऑक्सिजन. आणि तो किती उरलेला असेल, हे बरंचसं घरात ठरतं. भाऊजींना ताप आणि कोरडा खोकला होता, एक्स-रे साफ होता. या आजारात सुरुवातीला तो साफ असू शकतो. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, मग बदलून दुसरं दिलं. मिरजेला नेलं तेव्हा तिथल्या फिजिशियननं आधी काहीच लिहून दिलं नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९६ दाखवला, आणि म्हणाले, ‘‘चला, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन येऊ.’’ परत येईतो आकडा ८७ वर होता आणि भाऊजींना वाक्य पुरं करता येत नव्हतं. लगेच छातीचा एचआरसीटी स्कॅन झाला. दोन्ही फुप्फुसांवर धुरकट काच धरल्यासारखं दिसत होतं.

कोविडनंतर ऑक्सिमीटर घरोघरी पडून आहे. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्या माणसाला ताप-खोकला आला, तर बसल्या जागी मोजून समाधान मानू नका. खोलीतल्या खोलीत चालवा आणि पुन्हा मोजा. चालल्यावर आकडा घसरत असेल, तर एक्स-रे काहीही म्हणो, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. बसल्या जागीच आकडा कमी असेल किंवा धाप लागली असेल, तर चालवून बघायचं नाही, थेट न्यायचं.

जाताना औषधांची पूर्ण यादी न्या. हा न्यूमोनिया होऊ नये म्हणून कोट्रायमॉक्साझोलची साधी, स्वस्त गोळी असते. सेप्ट्रान म्हटलं की केमिस्टला कळतं. भाऊजींच्या पहिल्या चिठ्ठीत ती होती. डॉक्टर बदलले आणि नव्या चिठ्ठीत ती गळली. स्टिरॉइडचा मोठा डोस महिनाभराहून जास्त चालणार असेल, त्यात दुसरं तसलंच औषध असेल, तर ‘ही गोळी हवी का?’ असं तोंडानं विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा, पर्यायी औषधं असतात.

बुरशी म्हटल्यावर आमच्या नात्यातल्या दोघांनी अँफोटेरिसिन मिळवायला फोन सुरू केले. २०२१ मध्ये म्युकर या बुरशीच्या वेळी त्या इंजेक्शनसाठी झालेली धावपळ डोक्यात ताजी होती. पण न्यूमोसिस्टिसवर अँफोटेरिसिन चालत नाही. नेहमीची बुरशीनाशकं ज्या घटकावर घाव घालतात, तोच हिच्यात नसतो. हिला मारतं तेच कोट्रायमॉक्साझोल, मोठ्या डोसमध्ये, साधारण तीन आठवडे. तेव्हा आधी बुरशीचं नाव विचारा. अ‍ॅस्परजिलस असेल तर औषध वेगळं आणि अंदाजही वेगळा.

आता तो आठवडा. औषध सुरू झाल्यावर पहिले तीन-चार दिवस माणूस अधिक खालावू शकतो. भाऊजी खालावले. साध्या मास्कवरून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या हाय फ्लोवर गेले, आणि घरात ‘पुण्याला हलवू या’ सुरू झालं. औषध लागू पडत नाही, असं चार ते आठ दिवसांच्या आत सहसा म्हणत नाहीत. म्हणून रोज टक्के विचारण्यापेक्षा हे विचारा: कालच्यापेक्षा ऑक्सिजन कमी लागतोय की जास्त? रक्तातलं एलडीएच उतरतंय का? अल्ब्युमिन किती? सोबत सीएमव्ही विषाणूसारखा दुसरा संसर्ग आहे का? पोटॅशियम आणि क्रिएटिनिन औषधानं चढत नाहीत ना? या उत्तरांवरून वारा कुठल्या दिशेचा आहे ते कळतं.

व्हेंटिलेटरची गोष्टही रुग्ण बोलू शकतोय तोवर काढा. ती वेळ आली तर शक्यता बरीच खाली येते, फुप्फुस फुटून हवा छातीत सुटण्याचा धोका असतो. भाऊजींनी स्वतः सांगितलं, ‘‘लावा, पण किती दिवस ते डॉक्टरांशी आधी बोला.’’ त्यांना व्हेंटिलेटर लागला नाही. सातव्या दिवशी ऑक्सिजनची गरज उतरायला लागली.

स्टिरॉइडनंच हे झालं म्हणून ते परस्पर बंद करायला सांगणारा नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याला चहा द्या, पण गोळ्यांची पिशवी देऊ नका. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. शिवाय मूळ आजार उसळतो तो वेगळाच. डोस कमी करायचा तो डॉक्टरच करतील. डिस्चार्जच्या कागदावर प्रतिबंधक गोळी लिहिलीय का आणि ती कधी थांबवायची, हे सही करण्याआधी वाचून घ्या.