जाळीच्या आतली कड

१. लाकडी जाळी घासायचं काम ती कापतानाच सुरू होतं. पातं धारदार, ताणलेलं आणि फळीशी काटकोनात असेल तर पुढची निम्मी मेहनत वाचते. सागात सिलिका असते, तिने दात लवकर बोथटतात आणि बोथट पातं लाकूड कापण्याऐवजी घासून तापवतं. कडेला काळपट झाक दिसली की पातं बदला, जोर वाढवू नका.

२. दात खाली ओढतात, म्हणून कुसळं फळीच्या खालच्या अंगाला उठतात. कापताना खाली पातळ प्लायचा टाकाऊ तुकडा चिकटवावा.

३. खरी कसोटी कानशीची. मला हेच काम सगळ्यात प्रिय आहे. गोल भोकात लाकडाच्या तंतूंची दिशा चारदा बदलते, म्हणून कानस गरागरा फिरवली की अर्धी कड गुळगुळीत होते आणि अर्धी उसवते. तंतूंची टोकं जिथे उघडी पडतात तिथून सुरुवात करायची आणि कड तंतूंना समांतर होते तिथे थांबायचं. असे चार छोटे फेरे. अणकुचीदार कोपऱ्यात गोल कानस घालूच नये, तिथे त्रिकोणीच हवी. वेलीच्या पानाचं टोक बोथट झालं तर पान पान राहत नाही.

४. पॉलिश पेपर नुसत्या बोटाने दाबला तर कड गोलावते. तो काडीवर गुंडाळा. अरुंद फटीसाठी पेपरच्या पाठीला चिकटपट्टी लावून बारीक पट्ट्या कापा, म्हणजे त्या तुटत नाहीत. पट्टी फटीतून ओवून बूट चमकवणारा कापड ओढतो तशी दोन्ही हातांनी ओढायची. आधी १२०, मग १८०, शेवटी २२०. उघड्या टोकांवर आणखी बारीक, ३२०, कारण तिथे लाकूड पॉलिश जास्त पितं आणि काळवंडतं.

५. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखरांसाठी प्लायची जाळी हा चांगला पर्याय आहे. पण प्लायचे थर आडवे-उभे असतात, त्यामुळे कितीही घासलं तरी एखादा थर खरखरीत राहतोच. सँडिंग सीलरचा एक हात द्या, वाळू द्या. तंतू ताठ होतात, मग २२०चा हलका हात पुरतो.

६. देव्हाऱ्याची जाळी आणि पडवीची झालर यांना एकच न्याय नको. देव्हाऱ्यात मागून दिवा लागतो, तिथे कड जितकी नेमकी तितकी नक्षी स्पष्ट. झालर पावसात राहते. धारदार कडेवर रंग पातळ बसतो, तिथूनच तो सुटतो आणि पाणी आत शिरतं. म्हणून झालरीची कड मुद्दाम किंचित मोडावी. या फरकाकडे दुर्लक्ष करणारं काम मला कितीही चकचकीत असलं तरी अर्धवट वाटतं.

७. पॉलिशआधी ओलसर फडकं फिरवा. दबलेले तंतू वर येतात. पूर्ण वाळल्यावर २२०नेच ते अलगद उतरवा आणि भोकांतली भुकटी ब्रशने काढा. फुंकर मारू नका, सागाची भुकटी डोळ्यांना आणि छातीला बाधते. तोंडावर मास्क हवाच.