एक तास की रात्रभर?

प्रश्न : गणपतीला गावी गेलो आणि तीन आठवडे गाडी सोसायटीत उभी राहिली. आल्यावर चावी फिरवली तर नुसती ‘टक-टक’. शेजारचे काका त्यांचा चार्जर द्यायला तयार आहेत. ते म्हणतात, तासभर लाव, पुरे. बॅटरीवाला म्हणतो, रात्रभर ठेवा. कोणाचं ऐकू? आणि बॅटरी काढून बेडरूममध्ये चार्जिंगला लावली तर चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोघांचंही बरोबर आहे. काका गाडी सुरू करण्याबद्दल बोलताहेत, बॅटरीवाला बॅटरी भरण्याबद्दल.

छोट्या पेट्रोल गाडीच्या बॅटरीवर बहुधा 35 एएच असं छापलेलं असतं, म्हणजे 35 अँपिअर-तास. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म थोडी थोडी वीज खातच असतात. ही वीज 40 मिलिअँपिअर धरली तर दिवसाला साधारण एक अँपिअर-तास जातो आणि तीन आठवड्यांत वीस. त्यात तुमची गाडी एरवी स्टेशनपर्यंत जाऊन परत येण्यापुरतीच चालत असेल, तर गावी निघतानाच बॅटरी अर्धीमुर्धी असणार.

एएचच्या दहाव्या हिश्शाने चार्ज करावं, असा गॅरेजमधला जुना हिशेब आहे. तुमच्या बॅटरीला तो साडेतीन अँपिअर पडतो. तासाभरात साडेतीन अँपिअर-तास आत जातील. सेल्फ मारताना दीडशे अँपिअर खेचले जातात खरे, पण जेमतेम दोन सेकंद. हा खर्च एका अँपिअर-तासाच्या दहाव्या भागाहूनही कमी. म्हणून काकांच्या तासाभरात गाडी बहुधा उठेल. मात्र तीसेक अँपिअर-तास भरून काढायचे तर नुसत्या भागाकारानेच नऊ तास होतात, आणि प्रत्यक्षात बारा धरा. बॅटरी भरत आली की करंट घ्यायला कुरकुरते. सकाळच्या लोकलमध्ये पहिली पन्नास माणसं झटक्यात चढतात आणि शेवटच्या पाचांना वेळ लागतो, तसंच. घाईने पंधरा अँपिअर ढकलले तर बॅटरी तापते, आतलं पाणी उडतं आणि प्लेटा खराब होतात.

बेडरूममध्ये मात्र अजिबात नको. चार्जिंगच्या शेवटी शेवटी आतल्या पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो. हवेत हायड्रोजन चार टक्के झाला की एका ठिणगीने भडका उडतो, आणि सोबत उडतं ते सल्फ्युरिक अॅसिड. ‘मेंटेनन्स-फ्री’ लिहिलेल्या बॅटरीलाही वायू बाहेर जायला बारीक वाट ठेवलेली असते. उघडी बाल्कनी चालेल. तिथे उदबत्ती, सिगारेट, गॅसची शेगडी नको.

चिमटे आधी लावा, लाल अधिकला आणि काळा उणेला, मगच चार्जरचं बटण दाबा. काढताना आधी बटण बंद करा. उलट केलंत तर ठिणगी नेमकी वायू सुटतो तिथेच पडेल. गाडीतून बॅटरी काढताना काळी वायर पहिली आणि बसवताना शेवटची. गाडीची सगळी बॉडी उणेला जोडलेली असते. लाल नट सोडवताना पाना बॉडीला टेकला तर तो लालभडक तापायला वेळ लागत नाही. (हातातली अंगठी, कडं काढूनच या कामाला लागा.)

बॅटरी हात ठेववणार नाही इतकी तापली, फुगली किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर चार्जर बंद करा आणि तिचा नाद सोडा. झाकणं उघडणारी असतील तर डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर खुणेपर्यंत भरा. आधी भरलंत तर चार्ज होताना वर येऊन सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतं मात्र आधीच घाला.

सकाळी लगेच मीटर लावू नका, आकडा फुगलेला दिसतो. पाच-सहा तास तशीच ठेवून मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली. दुसऱ्या दिवशी तीच 12.2 वर आली, तर काकांचा चार्जर निर्दोष आहे आणि तुम्हाला नवी बॅटरी लागणार. जुनी दुकानदाराला परत दिलीत की शिशाचे पैसे वजा होतात, तेवढे मागायला विसरू नका.