कॅल्शियम घेताय, मग हाडं का झिजतात?

गेल्या आठवड्यात एका काकूंनी माझ्या टेबलावर कॅल्शियमच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं ओळीने मांडली. "दोन वर्षांत एकही चुकवली नाही डॉक्टर. तरी हाडं झिजलीच कशी?" आमवाताचं जुनं दुखणं. सकाळी नऊ वाजेपर्यंत डब्याचं झाकण त्यांना उघडत नाही. एक्स-रेमध्ये बोटांच्या सांध्यांशी हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसत होती.

"आणि ती आठवड्याची गोळी?" मी विचारलं.

"ती गरम पडते म्हणून बंद केली."

उत्तर तिथेच होतं.

हाडात जन्मभर पाडकाम आणि बांधकाम चालू असतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड खणतात, ऑस्टिओब्लास्ट नवं भरतात. खणायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. खणणाऱ्यांना कामाला लावतो तो रँक-लिगँड नावाचा रासायनिक निरोप. ओपीजी हे प्रथिन तो वाटेतच अडवतं, म्हणून एरवी हिशेब जुळतो.

आमवातात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. टीएनएफ, आयएल-६, आयएल-१७ ही तिची रसायनं रँक-लिगँडचा पूर आणतात. वर टीएनएफ भरणाऱ्या पेशींचे हातही बांधतं. कॅल्शियम म्हणजे विटा. पाडकाम जोरात आणि गवंडी रजेवर असताना दारात विटांचा ढीग ओतून भिंत कशी उभी राहणार?

म्हणून आधी सूज आवरायची. दुखणं थांबवणारी गोळी आराम देते, पाडकाम थांबवत नाही. ते थांबवतात मेथोट्रेक्सेटसारखी मूळ रोगावरची औषधं आणि गरज पडल्यास टीएनएफ किंवा आयएल-६ अडवणारी इंजेक्शनं. काकूंची आठवड्याची गोळी हीच, मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. मळमळ होत असेल तर सांगा, डोस किंवा पद्धत बदलता येते. परस्पर बंद करू नका.

स्टेरॉईडने सूज झटकन उतरते, पण ते हाडंही पोखरतं, आणि सर्वांत वेगाने पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. म्हणून कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. मात्र अचानक सोडणंही धोक्याचं. वातावरची बिनलेबलची पुडी घेऊन दोन दिवसांत जादू झाली, तर तिच्यात स्टेरॉईड असू शकतं.

रँक-लिगँडलाच अडवणारं डेनोसुमॅब हे इंजेक्शन हाडांच्या ठिसूळपणावर दर सहा महिन्यांनी देतात. त्याने सांध्याची सूज उतरत नाही. त्याची तारीखही चुकवू नका, नाहीतर मणके मोडण्याचा धोका वाढतो.

तुम्ही काय करायचं? सकाळचं आखडणं अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल आणि सांधे सुजलेले असतील, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. आमवात जुना असेल किंवा स्टेरॉईड चालू असेल, तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल विचारा. मिश्री, तंबाखू, सिगारेट सोडा. झेपेल तेवढं चाला. नाचणी, दूध, ड जीवनसत्त्व हवंच. विटांशिवायही घर होत नाही.

काकूंना मी पाकिटं परत दिली. "कॅल्शियम चालूच ठेवा. पुढच्या वेळी मात्र आठवड्याच्या गोळीचं पाकीट आणा. तेही असंच रिकामं."