'सामना' दुसऱ्यांदा पाहताना

'सामना' मी पहिल्यांदा होस्टेलवर पाहिला, तोही तुकड्या-तुकड्यांत. तेव्हा निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांची जुगलबंदी तेवढी लक्षात राहिली. दिवाळीच्या सुट्टीत घरी वडिलांशेजारी बसून पाहिला आणि चित्रपट वेगळाच वाटला.

लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचं. निर्माते रामदास फुटाणे आपल्याच जिल्ह्यातले, जामखेडचे. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. हिंदुराव धोंडे पाटील हा सहकारातला सर्वेसर्वा. भटकत आलेला एक दारुडा मास्तर, कधीकाळचा स्वातंत्र्यसैनिक, त्याच्या आश्रयाला राहतो आणि नाहीशा झालेल्या मारुती कांबळेची चौकशी करत सुटतो.

पहिल्या वेळी मला वाटलं, व्हिलन एकच. पण फ्री बॉडी डायग्रामसारखा हिंदुराव सुटा काढून पाहा, तो उभाच राहत नाही! त्याला तोलून धरतात ती भोवतीची माणसं. सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि सगळ्यांचं काहीतरी त्याच्याकडे अडकलंय. गंमत म्हणजे प्रश्न विचारणारा मास्तरसुद्धा पितो ती हिंदुरावचीच. तेंडुलकरांनी त्यालाही सोडलेलं नाही.

नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू केला, तेव्हा कल्पना अशी, की शेतकरीच मालक. पण ऊस कुणासाठी थांबत नाही. पक्व ऊस रानात राहिला की तुरा येतो, वजन घटतं. तोडून वेळेत गाळला नाही तर साखरेचा उतारा पडतो. त्यामुळे तोड कधी मिळणार हे ज्याच्या हातात, त्याच्यापुढे मालकही हळू आवाजात बोलतो.

आमचा ऊस ज्या कारखान्याला जातो त्याचं नाव इथे नको. चित्रपट संपल्यावर मी वडिलांना विचारलं, "दादा, तुम्ही वार्षिक सभेत कधी प्रश्न विचारलाय का?"

"एकदा उठलो होतो. त्या साली आपली तोड पार एप्रिलात आली."

"आणि नंतर?"

"नंतर तुझी ॲडमिशन होती."

एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले. माझी आजवरची सगळी फी उसाच्या बिलातूनच भरली आहे.