कडकनाथलाही मानमोडी होते

उन्हाळा तोंडावर आला की परसातल्या कोंबड्यांत मानमोडी, म्हणजेच राणीखेत, डोके वर काढते. हिरवट-पांढरी हगवण, चोच वासून श्वास, मग पाय लुळे आणि मान पिरगळलेली. तरीही कडकनाथ पाळणारे निर्धास्त, कारण ‘ही कोंबडी काटक, हिला लस कशाला?’ काटकपणा खरा आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूर पट्ट्यात भिल्ल-भिलाला आदिवासींनी सांभाळलेला हा पक्षी ऊन सोसतो, चरून पोट भरतो. तुरा, कातडी, हाडे काळी, ती मेलॅनिनमुळे. त्या काळेपणाचा राणीखेतच्या विषाणूशी काही संबंध नाही. (अंडे मात्र फिक्कट तपकिरी असते, काळे अंडे विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.)

‘आजोबांच्या काळी कुठे लस होती?’ हे ठरलेले उत्तर. तेव्हा दारात मोकळ्या दहा कोंबड्या असत, मेलेल्यांचा हिशेब कुणी ठेवत नसे. आज एका शेडमध्ये तीनशे पक्षी कोंडल्यावर सगळा कळप संपवायला एक आजारी पक्षी पुरतो. शिवाय हे नुकसान लवकर भरून निघत नाही. वर्षाला जेमतेम ८० ते १०० अंडी आणि खुडूक बसायला ही कोंबडी नाखूश, त्यामुळे कळप पुन्हा उभा करायला बाहेरची पिल्ले आणावी लागतात. संकरातही काळेपण उतरत असल्याने तिथे फसवणूक सोपी. झाबुआच्या कडकनाथला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तुमच्या शेडमधला वाण शुद्ध ठेवायला मानांकन येणार नाही.

हळद-लसणाचे पाणी विषाणू मारत नाही, प्रतिजैविकही नाही. उपाय लसच: पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी लस टोचून. एवढे केले तरी ‘लस दिली होती, तरी मेल्या’ ही तक्रार येतेच. तिचे मूळ बहुतेकदा कुपीच्या प्रवासात असते. खिशात घालून भर दुपारी दुचाकीवरून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. बर्फाच्या थर्मासातच आणा, कालवली की दोन तासांत संपवा, उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. आजारी कळपाला स्वतःच्या मनाने टोचू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि मरतुक सुरू झाली म्हणून उरलेले पक्षी घाईने बाजारात नेणे तर सरळ गुन्ह्यासारखे आहे: मेलेले ओढ्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरा, शेडमध्ये परक्याला शिरू देऊ नका.