प्रतीत्यसमुत्पाद : दुःखाची साखळी कोठे तुटते?

दीघ निकायातील पंधरावे सुत्त म्हणजे महानिदान सुत्त. प्रसंग कुरू जनपदातील कम्मासधम्म या गावचा आहे. आयुष्मान आनंद तथागतांजवळ येऊन सांगतात की, प्रतीत्यसमुत्पाद गंभीर आहे खरा, पण मला तो अगदी स्पष्ट दिसतो. तथागत त्यांना तेथेच थांबवतात. हा धम्म न उमगल्यामुळेच लोक गुंतलेल्या सुतासारखे झाले आहेत, असे ते समजावतात. बारा निदाने तोंडपाठ झाली म्हणजे विषय समजला, असे मानणाऱ्या प्रत्येकाने (त्यात प्रस्तुत लेखकही आला) हा प्रसंग लक्षात ठेवावा.

ती निदाने अशी : अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप, षडायतन, स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान, भव, जाती आणि जरामरण. पहिले असेल तर त्याच्या आधाराने दुसरे उपजते; पहिल्याचा निरोध झाला की दुसऱ्याचाही होतो. येथे 'जाती' म्हणजे जन्म, आपल्या परिचयाची जात नव्हे. विद्यार्थी दरवर्षी या शब्दावर अडखळतात आणि त्यांचे अडखळणे अगदी स्वाभाविक आहे.

महानिदान सुत्तात मात्र तृष्णेपाशी एक वेगळी वाट फुटते आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तृष्णेमुळे शोधाशोध, शोधाशोधीमुळे लाभ, लाभामुळे हे माझे ते तुझे असा निवाडा, त्यातून आसक्ती, आसक्तीतून परिग्रह, परिग्रहातून मच्छरिय म्हणजे कृपणता, आणि कृपणतेतून आरक्ख, म्हणजे राखण. राखण आली की काठी येते, शस्त्र येते, कलह, चहाडी आणि असत्य येते. या यादीतील 'तुवंतुव' हा पाली शब्द वाचताना आपली तू-तू मी-मी आठवल्यावाचून राहत नाही.

वसतिगृहात राहिलेल्यांना हा क्रम वेगळा शिकवावा लागत नाही. घरून लाडू आले, ते पत्र्याच्या पेटीत गेले, पेटीला कुलूप लागले. कुलूप लागल्यानंतर शेजारच्या खाटेवरचा मित्र संशयित झाला!

हीच साखळी समाजात पाहावयाची असेल तर महाडचे चवदार तळे आठवावे. पाणी कमी नव्हते. तरीही त्याची राखण होती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांसह सत्याग्रहींनी ते पाणी प्राशन केले आणि त्याच दिवशी परिषदेला आलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या. परिग्रह, कृपणता, राखण, दंड : सुत्तातील एकही कडी वगळली गेली नाही.

आता एका अडचणीच्या मुद्द्याकडे येऊ. आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात बारा निदाने भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन जन्मांत विभागली. परंपरेत हे विवरण मान्य आहे. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांना त्यांचे दारिद्र्य पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ म्हणूनच सांगितले गेले होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माचा हा सिद्धांत स्पष्टपणे नाकारला. माझ्या मते प्रतीत्यसमुत्पाद विद्यार्थ्यांना शिकवताना आरंभ या जन्मापासून, किंबहुना आजच्या दिवसापासूनच करावा. कारण हाताशी असेल तरच त्यावर उपाय करता येतो.

उपायाची जागा वेदना आणि तृष्णा यांच्या मध्ये आहे. डोळा आहे तोवर रूप दिसणार, स्पर्श होणार, सुखद वा दुःखद वेदनाही होणार. त्या टाळता येत नाहीत. वेदनेमागून तृष्णा आलीच पाहिजे असे मात्र नाही. शिवी ऐकून कान तापतात, ती वेदना होय. हात उचलण्यापूर्वी जो क्षण असतो, त्यात स्मृती जागी असेल तर साखळी पुढे सरकत नाही. आनापानाचा सराव आपण मुलांकडून करवून घेतो तो याच एका क्षणासाठी.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत डावीकडील भिंतीवर भवचक्राचे चित्र आहे. बराच भाग झडून गेला आहे, आणि एके काळी लोक त्यास राशिचक्र समजत असत. सहलीतील मुले घाईने आत पद्मपाणी शोधू लागतात. तो पहिल्या लेण्यात आहे. सतराव्यात त्यांना या भिंतीपाशी थोडा वेळ थांबवावे.